चाळलेली माती

"मावशी, गाव कुठलं तुमचं?" डॉक्टरने विचारलं. तो तिच्याकडे बघतही नव्हता, पडद्यावरच्या तिच्या छातीकडे बघत होता.

नेर्मिन गेली होती गुडघ्यासाठी. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं तर आधी छातीचा फोटो हवा, आणि फोटोत काही दिसलं म्हणून वरच्या मजल्यावरच्या छातीच्या डॉक्टरकडे जा, असं करत ती इथवर आली होती. आयुष्यभर लोकांचे कपडे बेतून-उसवून देणारी बाई. आपल्याला आतून कोणी असं उलगडून टांगलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने गावाचं नाव सांगितलं. आकओबा. एस्किशेहिर शहरात हे नाव फारसं कोणाला माहीत नसतं, दोनदा सांगावं लागतं, पण या तरुण डॉक्टरने नेहमीचं गिऱ्हाईक ओळखावं तशी मान हलवली. "तरीच," तो म्हणाला. मग त्याने पेनच्या टोकाने फुप्फुसाच्या कडेचे पांढरे ओघळ दाखवले. मेणबत्तीचं मेण ओघळून थिजावं तसे होते. हा रोग नाही, खूण आहे, असं तो म्हणाला. वर्षातून एकदा फोटो काढत जा, बाकी घाबरू नका. तुमच्याकडच्या पांढऱ्या मातीत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. छपराच्या पत्र्यात असतं तेच. दुसरीकडे ते कारखान्यातून येतं, तुमच्याकडे डोंगरातून आलं. भिंतींना ती माती फासायचे ना? छपरावर पसरायचे? बाळांच्या दुपट्यात घालायचे? तो विचारत गेला आणि ती मान डोलवत गेली. शेवटी त्याने विचारलं, घरात अजून आहे का ती माती? आणि नेर्मिन म्हणाली, नाही.

का म्हणाली, ते तिला ट्राममध्ये बसल्यावरही नीट कळेना. परक्या माणसाने घरात माती आहे का असं विचारलं तर नाही म्हणायचं, एवढंच असेल. तिच्या घरात चपला दाराबाहेर राहतात, पडदे दर महिन्याला धुतले जातात, पाहुणा कपाटाच्या वर बोट फिरवून बघू शकतो. माती आहे का म्हणे. ट्राम नदीवरच्या पुलावर आली तेव्हा खिडकीतून ऊन आत पडलं आणि त्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. एरवीही तरंगतच असणार. समोरची मुलगी तोंड उघडं टाकून फोनमध्ये हसत होती, आणि नेर्मिनला वाटलं तिला सांगावं, बाई गं, तोंड मिट. तिने स्वतःचा श्वास जरा रोखून पाहिला. मग लक्षात आलं की आता रोखून काय उपयोग. जे आत जायचं ते पन्नास वर्षांपूर्वीच जाऊन बसलं आहे, आणि शांतपणे मेणासारखं थिजलं आहे. तिचं गाव तिच्या आत होतं. हे तसं लोक कौतुकाने म्हणतात, लग्नात, दोन पेले चढल्यावर. तिला त्याची भीती वाटली.

गावाच्या वर, डोंगरात, पांढऱ्या मातीची खोबण होती. वसंतात घरं सारवायच्या आधी बायका गाढवं घेऊन वर जायच्या, वाकून त्या खोबणीत शिरायच्या आणि आतून खणून पिशव्या भरून आणायच्या. पुरुष जात नसत. खोबण दरवर्षी थोडी आत सरकायची. नेर्मिन पाचेक वर्षांची असेल, बाहेर गाढवाचा दोर धरून उभी होती, आणि आतून गाणं ऐकू येत होतं, आईचाही आवाज त्यात होता. मग गाणं थांबलं आणि एक बाई बाहेर आली. तिच्या भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, ओठ पांढरे, केस म्हातारीचे. ती हात पुढे करून म्हणाली, "ये गं." नेर्मिन किंचाळत खाली पळाली होती. मागून सगळ्या बायका हसल्या. संध्याकाळपर्यंत ती आईजवळ गेली नाही. आई तोंड धुऊन आली तरी, ही धुतलेली आपली आई आणि आत राहिलेली ती दुसरी, असं तिला कितीतरी दिवस वाटत राहिलं. ती दुसरी अजून तिथेच बसली असेल असंही वाटायचं. आईचं नाव साती. साती म्हणजे विकलेली. आजीची मुलं जगत नव्हती, म्हणून ही झाल्या झाल्या पिराच्या दर्ग्याला विकून टाकली, म्हणजे मृत्यू आला तर त्याला सांगता येईल, ही आमची नव्हे. युक्ती चालली. साती साठी ओलांडून गेली, छातीत पाणी भरून, सुकत सुकत. गावात पुष्कळ जण तसेच गेले. त्याला गावात कोणी रोग म्हणत नसत. आमच्याकडे माणूस असाच जातो, म्हणायचे.

घरी आल्यावर तिने कोटही काढला नाही. काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत गेली आणि कोपऱ्यातलं कपाट उघडलं. वर लोणच्याच्या बरण्या, मध्ये टोमॅटोचा आटवलेला गर, खाली चीजचा चौकोनी पत्र्याचा डबा. आईने तो मांडीवर धरून बसने आणला होता, नेर्मिनची लेक इलकाय झाली तेव्हा. वर फडकं, फडक्याला दोरी. आई गेल्यावर तिच्या वस्तूंतलं एवढंच नेर्मिनकडे उरलं होतं: डबा, आणि खिळ्याला टांगलेली घोड्याच्या केसांची चाळणी.

खिळ्याला चाळणी नव्हती. नेर्मिन थोडा वेळ नुसत्या खिळ्याकडे बघत राहिली. मग तिने ओढणी नाकावर घट्ट गुंडाळली आणि दोरी सोडली. गाठ तिची नव्हती. ती दुहेरी बांधते. ही एकेरी होती, टोक आत खोचलेलं, आई बांधायची तशी. झाकण उचललं तर माती अर्ध्याच्याही खाली गेली होती. डबा भरलेला असायचा. मातीत बोटांच्या ताज्या खुणा होत्या, ओंजळीने उचलल्यासारख्या, आणि पत्र्याच्या कडेवर पांढरा हात उमटला होता. आईचा हात लहान होता. हाही लहानच होता.

तिने झाकण लावलं, कपाट लावलं, बाल्कनीचं दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. साठीला आलेली बाई भुतांना घाबरत नाही, असं ती इतरांना सांगायची. तिला घाम फुटला होता.

नवरा, शेफिक, आत टीव्हीपुढे बसून भोपळ्याच्या बिया फोडत होता. डब्याला हात लावलास का, तिने विचारलं. तो तातार जमातीचा, त्याच्या घरात पोरांना मातीत झोपवत नसत, आणि सासूबाई हयातभर इलकायला 'मातीतलं पोर' म्हणत आल्या. "मी?" तो म्हणाला. "आईने मला ताकीद देऊन ठेवली होती, सुनेच्या माहेरच्या मातीपासून लांब राहा म्हणून. मी एकदाच जवळ गेलो आणि बघ, तुझ्याशी लग्न होऊन बसलो." आणि डॉक्टर काय म्हणाला ते ऐकल्यावर त्याने बियांची वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाला, त्यात काय, खाली नेऊन कचऱ्यात टाकतो. उठलाच. नेर्मिनने त्याचा सदरा धरून त्याला परत बसवला. खाली कचऱ्याच्या पेट्यांजवळ मांजरं असतात, पोरं चेंडू खेळतात, आणि भंगारवाला पत्र्याचा डबा दिसला की तिथेच उलटा करतो. एक गोष्ट मात्र तिने त्याला बजावली: इलकायला यातलं काही कळता कामा नये. पोरगी सातव्या महिन्यात होती. तिला सांगून करायचं काय? तू या मातीत निजली होतीस, तुझ्याही छातीत कदाचित मेण असेल, असं पोटुशीला सांगतात का? डबा घराबाहेर गेला की संपलं. बाळ झाल्यावर, बाळ मोठं झाल्यावर, कधीतरी सांगू.

पुढचे दिवस वाईट गेले. चाळणीचा आवाज यायचा. दुपारी कापड बेतताना, कात्री थांबली की बाल्कनीकडून खस, खस, खस. आई चाळायची तेव्हा मांडी किंचित हलवायची, तालात, जणू मांडीवर पोर आहे. नेर्मिन उठून दाराशी जायची आणि आवाज थांबायचा. एकदा तिने धीर करून दार उघडलं तर वरच्या मजल्यावरची मुझेय्येन कठड्यावर गालिचा झाडत होती, खस, खस. नेर्मिनला हायसं वाटलं आणि लगेच पुन्हा भीती वाटली, कारण मुझेय्येन आत गेल्यावरही आवाज चालूच होता. ती घर बघायला लागली होती वेगळ्या नजरेने. या उशांत, या गालिच्यात, पडद्यांच्या चुण्यांत, तीस वर्षं त्या कपाटाचं दार उघडमीट झाल्यावर काय काय बसलं असेल. आणि ती बाई, खोबणीतली, पांढऱ्या पापण्यांची, आता इतकी वर्षं वाट बघून शहरात आली होती आणि मूठ मूठ करून आपली माती परत नेत होती. कुठे नेत होती?

नगरपालिकेत तिने तीनदा फोन लावून ठेवून दिला. चौथ्यांदा एका बाईचा आवाज आला, थकलेला पण बरा. नेर्मिनने शेजारणीचं म्हणून विचारायला सुरुवात केली. बाई म्हणाली, मावशी, शेजारणीला सांगा, घाबरू नका, आकओबाकडचे आम्हाला बरेच फोन येतात. कोरडं असताना हलवायचं नाही. फवाऱ्यात पाणी घ्या, भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाका, हळूहळू भिजवा, चिखल होऊ द्या. जाड पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, चिकटपट्टी. फडक्याचा मास्क नको, दाट गाळणीचा आणा. अंगावरचे कपडेही पिशवीत. नाल्यात ओतायचं नाही, कचऱ्यात टाकायचं नाही, आमची गाडी येईल. "आणि झाडू नका," ती म्हणाली. "आमच्या बायका सगळं ऐकतात आणि शेवटी झाडू घेतात. यंत्रानेही नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत टाका. झाडायचं तेवढं नाही." नेर्मिनने हो म्हटलं. झाडल्याशिवाय घर साफ कसं होतं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

मग एका सकाळी तिने शेफिकला बाहेर घालवलं, बाल्कनीच्या फटी ओल्या पंच्यांनी बंद केल्या आणि जुना झगा घालून डब्यासमोर बसली. फवाऱ्याचे पहिले तुषार पडले आणि वास आला. मास्कमधून आला की आठवणीतून, सांगता येत नाही. पावसानंतर गावातल्या भिंतींना यायचा तो वास. पोरं त्या भिंती चाटायची, आणि मोठी माणसं रागवायची ती भिंत खराब होते म्हणून. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. एवढी सगळी भीती असून तोंडाला पाणी सुटलं, याची तिला शरम वाटली.

ती हिवाळ्यात बाळंतीण झाली होती. दुपटी वाळत नव्हती, इलकाय रात्रंदिवस रडायची, सासूबाई दारात उभ्या राहून उसासे टाकायच्या. तेव्हा आई आली, बर्फातून, मांडीवर डबा घेऊन. नेर्मिन आधी नको म्हणाली, शहरात असलं कोणी करत नाही, लोक हसतील. आईने ऐकून घेतलं आणि तवा तापत ठेवला. माती तीनदा चाळली. तव्यावर गरम केली, चिमूट घेऊन आपल्या गालाला लावून पाहिली, मग फडक्यावर पसरून मध्ये खळगा केला, आणि उघड्या ढुंगणाची इलकाय त्या उबेत ठेवून घट्ट गुंडाळली. पोरगी रडायची थांबली. डोळे मोठे करून तिने छताकडे पाहिलं, जणू कोणी ओळखीचं भेटलं, आणि झोपली. त्या रात्री सगळं घर झोपलं. नेर्मिनच्या आयुष्यात इतकी शांत रात्र पुन्हा आली नाही. ओली माती काढायची, कोरडी ऊन ऊन घालायची, चाळीस दिवस; कधी पुरळ नाही, कधी लाली नाही. पुढे ती हे सगळ्यांना सांगायची. इलकायला तर किती वेळा सांगितलं असेल: तुझे पाय सरळ आहेत ते आजीच्या मातीमुळे.

तिला आईचा राग येत नव्हता. आला असता तर बरं झालं असतं, काहीतरी धरायला मिळालं असतं. आईने घरातलं सर्वात मऊ, सर्वात स्वच्छ जे होतं ते आणलं होतं, आणि तेच हे होतं. खाली माती काळसर होत डब्याच्या तळाशी बसत होती, पांढऱ्या हाताचा ठसा विरघळला. नेर्मिन रडली, मास्क ओला झाला, आणि मास्क ओला झाला की बदलायचा असं सांगितलेलं आठवून तिने तो बदलला.

डब्यासकट सगळं दोन पिशव्यांत गेलं. फडकी, झगा, ओले पंचे, दोरीसुद्धा. बांधून झाल्यावर तिने ते उचललं आणि तिचे हात आपोआप तसे झाले, एक खाली, एक मानेशी. नवजात पोराएवढं वजन होतं. ती ते खांद्याशी धरून किती वेळ उभी होती कोण जाणे. मांडी हलवत होती, हे तिला नंतर कळलं.

गाडी आली. पांढऱ्या पोशाखातली, डोक्यावर टोप्या, तोंडावर मास्क असलेली दोन माणसं जिना चढून वर आली तेव्हा मुझेय्येन पायरीवर वाट अडवूनच उभी होती. "काय गं नेर्मिन," ती म्हणाली, "शेफिक गेला का? आणि मला मयताच्या हलव्यालाही बोलावलं नाहीस?" नेर्मिन म्हणाली, घुशी झाल्यात. दारातल्या त्या माणसाच्या पापण्यांकडे ती बघत होती. काळ्या होत्या. त्याने पिशवी दोन्ही हातांनी घेतली, आणखी एका पिशवीत घातली आणि हलक्या पावलांनी खाली गेला. गाडीचं दार लागलेलं तिने खिडकीतून पाहिलं. त्या दिवशी चाळणीचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाल्कनी तिने ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसली, आणि संध्याकाळी शेफिकबरोबर बसून पहिल्यांदा पोटभर जेवली. डबा अर्धा रिकामा होता, त्याचा विचार तिने मनाच्या एका कोपऱ्यात झाकून ठेवला होता. गेलं ते गेलं, तिने ठरवलं.

शनिवारी दुपारी इलकाय आली, तीळ लावलेल्या पावाच्या गरम कड्या घेऊन. बँकेतून रजा सुरू झाली होती, चेहरा भरला होता, गरोदरपणात काही मुली दिसतात तशी सुंदर दिसत होती. नेर्मिनने तिला जवळ घेतलं, तिच्या काळ्या लोकरी स्वेटरवर गाल टेकला, पोटाला हात लावला. आतून एक लाथ आली आणि दोघी हसल्या. तिच्यासाठी चहा ओतायला नेर्मिन वळली. इलकाय बाल्कनीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज नाही.

"आई," ती दारातून म्हणाली, "डबा कुठे गेला?"

नेर्मिन चहा ओततच राहिली. टाकला, ती म्हणाली. जुना झाला होता, गंजला होता.

"टाकलास?" इलकायचा आवाज रडवेला झाला. मग ती हसली. "बरं झालं मी माती आधीच नेली ते. तुला नंतर दाखवणार होते, बाळ आल्यावर. मागच्या दोन शनिवारी पिशवीतून थोडी थोडी नेली, तू गिऱ्हाइकाचं माप घेत होतीस तेव्हा. चाळणीपण नेली. बाजारातल्या पावडरीत काय काय घालतात कोणाला माहीत, आई. हे नैसर्गिक. काल सगळी चाळली. तीनदा, आजीसारखी. इतकी मऊ झालीय, पिठासारखी उडते. शिंका येऊन येऊन बेजार झाले." तिने फोन पुढे केला. "बघ, पाळणासुद्धा लावलाय."

फोटोत खोली होती. पिवळ्या भिंती, पांढरा पाळणा, पाळण्याजवळ खुर्ची, खुर्चीवर आईची चाळणी. खिडकीतून दुपारचं ऊन तिरपं आत आलं होतं, आणि त्या उन्हाच्या पट्ट्यात खालपासून वरपर्यंत बारीक पांढरं काहीतरी उभं होतं. पाळण्यावर वाकल्यासारखं. नेर्मिनने फोन जरा लांब धरला. मग तिची नजर फोन धरणाऱ्या हाताकडे गेली. काळ्या लोकरीच्या बाहीची कड मनगटाभोवती पांढरी होती, आणि तसाच पांढरा पट्टा पोटावर, जिथे चाळणी टेकली असेल. आपला गाल जिथे टेकला होता तिथेही. तिची नजर कुठे आहे ते बघून इलकायनेही खाली पाहिलं, "अय्या, तसंच घालून आले की," म्हणत झटकायला हात उचलला.

नेर्मिनने तिचं मनगट धरलं. फार घट्ट धरलं असावं, कारण पोरीचा चेहरा बदलला.

"झटकू नकोस," ती म्हणाली. "हलू नकोस. मी पाणी आणते, तोवर अशीच उभी राहा. आणि आज घरी जायचं नाही, उद्याही नाही. जावईबापूंना फोन कर, त्या खोलीचं दार लावून घे म्हणावं आणि इकडे निघून ये. झाडू नका म्हणावं."

"आई, काय झालं? घाबरवू नकोस मला."

लपवायचं म्हणून इतके दिवस जे काही केलं होतं ते सगळं नेर्मिनच्या डोळ्यांसमोरून गेलं, फवारा, पिशव्या, घुशी. मनगट तिने सोडलं नाही. पोटावर टेकलेल्या त्या हातांखाली बाळ पुन्हा हललं, ते दोघींनाही कळलं.

"उद्या आपण डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली. "तो तुला विचारेल, गाव कुठलं. तू इथे जन्मलीस म्हणून इथलं सांगू नकोस. माझ्या गावाचं नाव सांग."